सातवी बारी

मामांच्या घरात एकही वस्तू मोकळी नसायची. पाण्याचा माठ दोरीच्या जाळीत बसवलेला, कंदील दोन्ही बाजूंनी ओढून बांधलेला, चुलीजवळच्या फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली, का तर डबे घसरून पडू नयेत. डबे कशाला घसरतील? आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं, काळ्या रानातलं. घराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद. तरी रोज दिवेलागणीला मामा घरभर फिरून एकेक गाठ ओढून बघायचे आणि मग म्हणायचे, "चला. आता काय बी येऊ द्या." काय येणार होतं ते मला लहानपणी कळायचं नाही. मी मात्र रोज वाट बघायची.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पंधरा वर्षं ते नौदलात होते, जहाजाच्या डेकवरचे खलाशी. गावात त्यांना नेव्हीवालेच म्हणत. आईला माझ्या वडिलांनी सोडलं, तेव्हा मी दोन वर्षांची होते. आई मला घेऊन माहेरी आली. पुढं आजा-आजी गेले आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. मामांची पत्रं यायची. ती मास्तर वाचून दाखवायचे, आणि आई ऐकताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

नोकरी संपवून मामा आले तेव्हा कुर्डुवाडीहून छोट्या आगगाडीनं येडशीला उतरले आणि तिथून मोटारीनं गावात. खांद्यावर लांबडी कॅनव्हासची पिशवी. मी आईच्या मागं लपले. मी तशीच होते, परकं माणूस दिसलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मामांनी माझं नाव विचारलं नाही, जवळ ओढलं नाही. पिशवीतून एक दोरी काढली, एका हातानं तिला गाठ मारली आणि माझ्याकडं टाकली. "ही सोडव. घाई न्हाय." मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सुटलेली दोरी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते म्हणाले, "हां. आता झाली आपली वळख."

मला प्रश्न फार पडायचे आणि तोंडातून एकही निघायचा नाही. मामांनी त्यावर तोड काढली. जेवताना तेच म्हणायचे, "बोल, आज काय? पण एकच. जहाजावर माणशी एक मग पाणी, तसा तुला दिसाला एक प्रश्न." एकच म्हटल्यावर मी दिवसभर निवड करत बसायची. समुद्रात रस्ता कसा कळतो? मासे झोपतात का? सगळीकडं पाणीच असताना माणशी एकच मग का?

"दर्याचं पाणी प्यालं की तहान वाढती," मामा म्हणाले. "एका मगात दाढी, तोंड, दात. उरलं तर पाय."

आई तव्यावरून भाकरी काढत म्हणाली, "मग आपल्यापरीस निराळं काय रे? उगंच एवढ्या लांब गेलास."

मामा खूप हसले. आपल्यावर कुणी विनोद केला की त्यांना फार आवडायचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी चौथी पास झाले होते. पाचवी दुसऱ्या गावाला होती. मामांनी विषय काढला, आई म्हणाली पुढच्या साली बघू, आणि तो विषय तिथंच राहिला. आधीच्या सालचा पाऊस नावालाच होता, त्या साली तेवढाही झाला नाही. आई सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. घरोघरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि कामावर वाटायचे ती सुकडी. दूध, पालेभाजी म्हणजे काय हे जीभ विसरली. कुरकुर न करणारा माणूस गावात एकच होता. मामा सकाळी एका मगात सगळं उरकायचे, आणि उरलेल्या पाण्यात एक पाय आज, एक पाय उद्या, असं आम्हाला हसवायला करून दाखवायचे.

त्या उन्हाळ्यात गावातले आड, विहिरी सगळ्या कोरड्या पडल्या. पाणी राहिलं ते फक्त जुन्या बारवेत. बारव म्हणजे पायऱ्यांची खोल विहीर. तिच्या तळाला एका कपारीतून झिरा होता. बाई खाली उतरायची, झिऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायची आणि डोक्यावर घेऊन वर यायची. आमच्या बौद्धवाड्याला त्या बारवेत कधी उतरू दिलं नव्हतं. आमचा आड वेगळा. तो आटला तेव्हा तहसीलदार साहेब आले आणि सगळ्यांना पाणी मिळालं पाहिजे म्हणून बजावून गेले. मग गावानं दिवसरात्रीच्या चार-चार तासांच्या सहा बाऱ्या, म्हणजे पाळ्या, पाडल्या, कारण वस्त्याही सहा होत्या. पहाटे चारची बारी पाटील गल्लीला, मग मधली गल्ली, टळटळीत दुपार धनगर वस्तीला, संध्याकाळ माळवाड्याला, रात्री आठनंतर मोमीन गल्ली. रात्री बारा ते चार उरली, ती आम्हाला. पहाटे पाटील गल्लीच्या बाया आल्या की झिऱ्यातलं पहिलं पाणी उपसून बाजूला ओतून द्यायच्या, मग आपले हंडे भरायच्या. एवढ्या दुष्काळात ते पाणी दगडावर ओतलेलं मी बघितलं आहे.

आमच्या घरातून बारीला आई आणि मी जायचो. पाणी भरणं बायकांचं काम, त्यात मामा यायचा प्रश्नच नव्हता. आणि आईला तर दिवस मावळला की दिसत नव्हतं.

हे फक्त मला ठाऊक होतं. दिवसा ती खडी फोडायची, सुईत दोरा ओवायची. दिवस कलला की तिला कंदिलाची पिवळी टिकली तेवढी दिसायची, बाकी सगळं काळं. बारवेत उतरताना तिचा एक हात माझ्या खांद्यावर असायचा, बोटं रुतलेली. पायऱ्या झिजलेल्या, एका बाजूला कठडा नाही. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती वर यायची तेव्हा मी हळूच पायऱ्या मोजायची. बरोबरच्या बायकांना वाटायचं, पोरगी भित्री आहे म्हणून आई तिला धरून चालते.

"कुणाला सांगशील तर बघ," आई म्हणाली होती. "मामाला तर मुळीच न्हाय. घे माझी शपथ."

मी घेतली. आईला भीती दोन गोष्टींची होती. मुकादमाला कळलं तर हजेरीतून नाव काढील, ही एक. दुसरी मोठी. मुंबईहून मामांना पत्र आलं होतं, गोदीत नोकरीला या म्हणून. जुन्या एका साहेबानं बोलावलं होतं. मामा तिशी ओलांडलेले, लग्न राहिलेलं. ते तिकडं जावेत, त्यांचं घर उभं राहावं, एवढाच आईला ध्यास. बहिणीचे डोळे गेले असं कळलं असतं तर ते कुठले जातात? ती रोज विचारायची, "कवा निघतोस?" मामा म्हणायचे, "बघू की. दर्या कुठं आटतोय."

एके दिवशी संध्याकाळी मामांनी पाण्याचा तांब्या दाराच्या मधोमध ठेवला. ज्या घरात प्रत्येक वस्तू बांधलेली, त्या घरात वाटेत तांब्या! मला नवल वाटलं. तेवढ्यात आई आतून आली आणि नेमकी त्याच्यावर चाललेली बघून मामांनी पायानंच तो बाजूला सारला. आवाज झाला नाही. आईला काही कळलं नाही. मी मामांकडं बघितलं तर ते गाठी तपासायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माळावर सरपण वेचायला गेलो. मामा म्हणाले, "आज प्रश्न माझा. अक्काला राती दिसत न्हाय, व्हय का?"

मी हातातली काटकी मोडून तिचे तुकडे केले.

"शपथ घातलीया?"

मी दुसरी काटकी उचलली.

"बरं. शपथ मोडायची न्हाय. मी एक बोलतो. ते खोटं असंल तर नुसती मान हलव. अक्काला दिवस मावळल्यावर दिसत न्हाय."

मी मान ताठ धरली. मानेची शीर दुखेपर्यंत धरली. मामांनी खाली पडलेल्या काटक्या गोळा केल्या. मग म्हणाले, "झालं तर. तू काय सांगितलं न्हाईस आन् मला काय कळलं न्हाय. चल, मोळी बांधू."

त्यानंतर दोन दिवसांत त्यांनी एक लांब दोर वळला आणि बारवेच्या भिंतीला वरपासून तळापर्यंत खुंट्या ठोकून बांधला. धरून उतरायला. दर पायरीला दोराला एक गाठ, आणि जिथं पायरी ढासळलेली तिथं दोन गाठी. लोकांना वाटलं, खलाशाचा छंद. मी त्या रात्री आईचा हात दोरावर ठेवला, तेव्हा कळलं की तो दोर डोळ्यांनी बघायचा नव्हताच. आई पहिल्यांदा माझा खांदा सोडून उतरली. "मामाचा तुझ्या छंद गं हा! पर लई कामाचा हाय," म्हणाली. पाटील गल्लीच्या बाया मात्र त्या दोराला हात लावत नव्हत्या. आमच्या माणसानं वळलेला दोर तो.

पण दोरानं मामांचं समाधान झालं नाही. पुढच्या रविवारी शाळेपुढच्या लिंबाखाली गाव जमलं होतं. पीककर्जाच्या सोसायटीच्या निवडणुकीचं काहीतरी होतं. चेअरमन बोलून थांबले. हे चेअरमन म्हणजे पाटील गल्लीतले तात्या, सोसायटी निघाल्यापासून चेअरमन तेच. मामा उठले, मध्ये जाऊन बसले आणि खिशातून सात चिंचोके काढून जमिनीवर गोल मांडले.

"चेअरमनसाहेब, जहाजावर दिवसाच्या सहा बाऱ्या नसत्यात. सात असत्यात."

"का वो नेव्हीवाले? दर्यावरचा दिवस मोठा असतो का काय?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

मामाही हसले. "दिवस तेवढाच. पर सहा बाऱ्या आन् सहा टोळ्या असल्या की ज्याच्या वाट्याला मधली रात्र आली त्याच्या बोकांडी ती कायमची बसती. मग त्यो माणूस पहाऱ्यावर डुलक्या खातो आन् जहाज खडकावर जातं. म्हणून संध्याकाळच्या चार तासांचे दोन तुकडे करायचे. चार ते सहा, सहा ते आठ. बाऱ्या झाल्या सात, टोळ्या सहाच. आता बघा." त्यांनी सहा खडे घेतले आणि चिंचोक्यांवरून फिरवत नेले. "रोज एक घर सरकतंय. कुणी कुणाला सांगायला नको, कुणी कुणापुढं हात जोडायला नको. आपोआप."

लोक वाकून बघायला लागले. धनगर वस्तीचा एक म्हातारा उकिडवा बसून स्वतः खडे फिरवून बघत होता. भर दुपारी तापलेल्या पायऱ्यांवर त्याच्या सुनांचे तळवे भाजत होते.

"त्या अर्ध्या बारीला साहेब लोक कुत्र्याची बारी म्हणत्यात," मामा म्हणाले.

"कुत्र्याची? ती का म्हणून?"

"काय की. पंधरा वर्षं इचारलं, कुणालाच ठावं न्हाय."

लिंबासमोरच तात्यांचं दार. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. गाव त्यांना थोरल्या काकी म्हणे. त्या तिथूनच ओरडल्या, "आता कुत्र्याच्या बारीनं पाणी भरायचं तेवढं ऱ्हायलं होतं! आन् आमच्या सुनांनी मध्यान राती बारवंत उतरायचं व्हय रं?"

"आमच्या रोज उतरत्यात की, काकी," मामा शांतपणे म्हणाले. "तुमच्यावर सहा रातींतून एकदाच ईल. बाकी पाच राती निवांत झोपू द्या त्यांना."

तात्यांनी खडे बघितले, मग लोकांकडं बघितलं. धनगर वस्ती, मोमीन गल्ली, आमचा वाडा, तिघांच्याही माना डोलत होत्या आणि सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. "आठ दिवस करून बघू," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर पहिल्यासारखं."

गंमत अशी की बारी सरकली आणि पहिल्याच रात्री बारा ते चार आली पाटील गल्लीवर. थोरल्या काकींचा तोरा मोठा. नाही कशाला म्हणायचं, म्हणून त्यांनी दोन्ही सुनांना पाठवलं. सकाळी गावभर झालं. थोरली सून चौथ्या पायरीवर मटकन खाली बसली, आणि पुढं सरकेना की मागं येईना. जावेनं हात दिला तर म्हणाली, हात कुठंय? शेवटी दोराला धरून, गाठ चाचपत चाचपत वर आली. तो दोर धरणारी पाटील गल्लीतली ती पहिली बाई.

दुसऱ्या रात्री मधल्या गल्लीतल्या दोघी अशाच. तिसऱ्या रात्री धनगर वस्तीतली एक. आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोक म्हणायला लागले, नेव्हीवाल्यानं बाऱ्या फिरवल्या आणि बायांचे डोळे गेले. कुणी म्हणालं झिरा बाटला, कुणी म्हणालं दोराला काहीतरी लावलंय. तात्या स्वतः आमच्या वाड्यात आले. आमच्या अंगणात ते त्याआधी कधी आलेले मी बघितले नव्हते. आई चुलीपाशी बसली होती, तिचा हात पिठातच थांबला.

"नेव्हीवाले, ही काय आफत आणली तुमी? माझी सून आंधळी झाली."

"तात्या, बसा," मामा म्हणाले. "तुमच्या सूनबाईला कवापासनं दिसत न्हाय ते एकदा इचारलं का त्यांना?"

"इचारायचं काय? परवाच्या रातीपासनं!"

"एकदा इचारा. तुमी न्हाई, तुमच्या घरातल्या बायांनी. प्रेमानं. मग मला काय बोलायचं ते बोला."

तात्या तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालून. सुनेला शिमग्यापासून दिसत नव्हतं. उजाडल्यावर बारी, दिवसा स्वयंपाक, संध्याकाळी लवकर अंथरूण. दोन महिने घरातल्या घरात कुणाला कळलं नव्हतं. तिनं कळू दिलं नव्हतं. माहेरी धाडतील म्हणून.

मग बारवेवर बायका आपसांत बोलायला लागल्या. मी हंडा धुवायचं निमित्त करून ऐकत राहायची.

"तुला बी?"

"मला वाटलं मलाच हाय."

"अगं, माझ्या सासूला बी. म्हातारपण म्हणून म्हातारी गप."

आमची आई त्या बोलण्यात कधी पडली नाही. ती म्हणायची, "बिचाऱ्या गं," आणि वाटी झिऱ्यात बुडवायची.

सहाव्या रात्री बारा ते चारची बारी आमच्यावर आली, तेव्हा मामांनी आईच्या हातातून हंडा घेतला. "राती जागायची सवय मोडंना माझी. आज मी जातो." आई भांडली, वाड्यातले बाप्ये दात काढून हसले, बाई झाला म्हणाले. मामा हंडा डोक्यावर नीट ठेवायला शिकायचं म्हणून अंगणात दोन फेऱ्या मारून गेले.

तात्यांचे आठ दिवस संपले, बाऱ्या फिरत्याच राहिल्या. नंतर मामा उस्मानाबादला गेले, दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन येतो म्हणून. पहिल्यांदा नुसतेच परत आले, दुसऱ्यांदा बाईंना घेऊनच. बाईंनी शाळेच्या खिडक्यांना पोती लावून खोली अंधारी केली, समोर एक पांढरं पातेलं ठेवलं आणि एकेकीला म्हणाल्या, जाऊन हात लावा. सहाही वस्त्यांच्या बाया एका ओळीत उभ्या. थोरल्या काकी म्हणाल्या, मला काय झालंय, मी नुसती बघायला आले. बाईंनी त्यांनाही आत घेतलं. काकी पातेल्याऐवजी भिंतीकडं चालत गेल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "बाई, जरा सरक की." आम्ही पोरी दाराशी तोंडावर हात दाबून हसलो. मग काकीच हसल्या, तेव्हा सगळी ओळ हसली.

बाईंनी सांगितलं, हे रातांधळेपण. खाण्यात कस नाही म्हणून झालंय, कुणाच्या पापानं नाही. सगळ्यांना तेलकट पिवळं औषध पाजलं आणि शेवग्याचा पाला शिजवून खा म्हणाल्या. शेवगा दुष्काळातही तग धरून होता, पण जनावरांपुढं टाकत होतो आम्ही. आईचा नंबर आला तेव्हा तिनं तपासून घेतलंच नाही. चमचा पुढं आला तसा आ केला आणि घरी येऊन मामांना म्हणाली, "सगळ्या प्याल्या म्हणून प्याले बाबा. मला काय धाड भरलीय."

"चांगलं केलंस अक्का," मामा म्हणाले. "फुकटचं सोडू ने."

महिन्याभरानं असेल, आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "आज चांदणी लवकर निघाली रे."

मी वर बघितलं. चांदणी रोजच्या वेळी, रोजच्या जागीच होती.

"व्हय अक्का," मामा म्हणाले. "आज जरा लवकरच दिसाय लागली."

गोदीच्या पत्राची मुदत तोवर टळून गेली होती. आईनं फार आदळआपट केली. मामा म्हणाले, "मला आता धक्क्यावरची हवा सोसत न्हाय. खारी असती." आईचं समाधान झालं नाही, पण पत्र परत येणार नव्हतं.

पुढं पावसाचे दिवस फिरले, गावात दूध सोसायटी निघाली. तात्याच मामांना बोलवायला आले. पहाटे दूध घ्यायचं काम मामांकडं आलं. सहाही वस्त्यांचं दूध एका कॅनमध्ये ओतायचं म्हटल्यावर पुन्हा कुजबुज झाली. मामा म्हणाले, "वेगळी कॅन आणा, माझी ना न्हाय. पर शहरात पोचल्यावर ते एकातच ओतत्यात. तिथं जाऊन सांगा." कुणी गेलं नाही. आधी कुणाचं दूध मोजायचं यावर भांडण झालं तेव्हा मात्र पोरंसुद्धा ओरडली, "सातवी बारी लावा!" आणि तशी लावली.

माझं लग्न भूम तालुक्यात, ईटला झालं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मामा बाळाच्या पाळण्याला दोर लावत होते. आई दळायला गेली होती. ते म्हणाले, "बोल, आज काय?" इतक्या वर्षांनी. माझा प्रश्न निवडलेला होताच.

"मामा, बारी तुम्ही आईसाठी फिरवली का गावासाठी?"

मामांनी दोर ओढून बघितला. "जहाजावर राती टेहळणीला उभं करायच्या आधी डॉक्टर डोळे तपासायचा. एकाला जरी रातीचं दिसंना झालं तरी सगळ्यांना बोलवायचा. म्हणायचा, तुमचं जेवण एक, तर दुखणं बी एक. गावात घरोघर तीच मिलो. मग आपल्याच वाड्यात कसं असंल? मोमीन गल्ली सोडली तर बाकीच्या बायांना अंधारात उतरावं लागत नव्हतं, म्हणून ते उघडं पडत नव्हतं."

"पण आईला नुसतं सांगायचं. मला कळलंय म्हणून."

त्यांनी दोराची गाठ पुन्हा आवळली. "पोरी, तिनं ते माझ्यासाठी लपवलं. राती जीव मुठीत धरून उतरली, पर मला कळू दिलं न्हाय. तेवढंच तिला मला देता येत होतं. ते मी काढून घेऊ?"

मामांनी लग्न केलं नाही. शेवटची दोन वर्षं छातीत दुखायचं, तरी सोसायटीत जात. एक दिवस दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी ईटहून पोचले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. थोरल्या काकींची ती थोरली सून आमच्या घरात चूल सांभाळत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे गेल्यावर आई आणि मी ओट्यावर बसलो. आईचे केस पांढरे झाले होते, नजर मात्र शेवटपर्यंत लख्ख राहिली. ती रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, "एवढी एक गोष्ट म्या त्याच्यापासनं लपवली. तुला ठावंच हाय. कळलं असतं तर गोदीची नोकरी सोडून बसला असता माझ्यापायी. तेवढं पाप मी माझ्या माथी येऊ दिलं न्हाय बघ."

ओट्यावरच्या कंदिलाची दोरी सैल झाली होती. ती मी ओढून बांधली.

"लई भोळा होता गं," आई म्हणाली. "एका घरात राहून त्याला पत्ता लागला न्हाय."

"व्हय आई," मी म्हणाले. "मामा भोळेच होते."